गोठ्यातली कुत्री

शाळेचा गणवेश परत आला. मास्तरांच्या बायकोनं तो ओट्यावर ठेवला नाही. दोन बोटांत धरून आणला, पायरीवर टाकला आणि म्हणाली, "कॉलर बघा."

शिलाई मशीनवालीनं कॉलर उलटी केली. पांढऱ्या कापडावर काळपट लाल डाग होता. डागाच्या मधोमध गोचीड चिरडून बसली होती, आणि तिचे एका बाजूचे पाय अजून हलत होते.

"एक पोरीच्या मानेला चिकटली होती. ही दुसरी," मास्तरांची बायको म्हणाली. "ओढून काढली तर रक्त आलं."

"दुसरा शिवून देते. माझ्याकडचं कापड घालते."

"नको. राग मानू नका, पण तुमच्या हातचं आता अंगात घालवत नाही."

मशीनवालीला राग आला नाही. तिच्या जागी आपण असतो तर हेच बोललो असतो, शिवाय चार शब्द जास्त. तिनं गणवेश उचलला, मागच्या दारी नेला आणि चुलीत घातला. मग मशीनचा खण उघडून पाहिला. रिळांच्या मागे, लाकडाच्या सांध्यात, आणखी बसल्या होत्या. मोहरीएवढ्या, चपट्या, उपाशी.

ही कुत्र्यांची पीडा घरात आली ती हवालदारांच्या डोक्यातून. हवालदार म्हणजे तिचा नवरा. पोलिसात तो कधीच नव्हता. कारखान्याच्या गेटवर खाकी कपड्यात उभा असायचा, म्हणून गाव त्याला हवालदार म्हणायचं. कारखाना बंद पडला, खाकी कपडे ट्रंकेत गेले, नाव तेवढं राहिलं. एकुलती मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात तो, त्याची म्हातारी आई आणि ही. घर चालत होतं ते हिच्या शिलाई मशीनवर, आणि हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. गोठ्यात म्हशी होत्या त्या त्यानं विकल्या आणि कुठूनशी एक जातिवंत कुत्री आणली. काळीभोर, लांब केसांची, थंड मुलखातली. तिचं नाव काळीच पडलं. तिची पिल्लं विकायची, हा त्याचा धंदा.

"म्हशीला चारा लागतो, कुत्रीला उष्टं पुरतं," तो म्हणाला होता.

उष्टं पुरायचं. गोठा झाडायला मात्र माणूस लागायचा, आणि तो माणूस ही होती.

त्या उन्हाळ्यात गोठ्याच्या भिंती जिवंत झाल्या. म्हशींच्या वेळच्या जुन्या भेगा होत्या, त्यातून दुपारी गोचिडी वर चढायच्या. काळीच्या अंगावरच्या पिऊन टम्म झालेल्या, एरंडीच्या बियांसारख्या, करड्या. कानाच्या आत द्राक्षासारखे घोस. बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, थानांच्या मधे. मशीनवाली धागे काढायचा चिमटा घेऊन बसायची आणि एकेक ओढून रॉकेलच्या डबीत टाकायची. एखादी निसटून खाली पडायची, पायाखाली यायची आणि फट्‌कन फुटायची. चपलेतून तो ओलसर फुगा फुटल्याचं कळायचं आणि तिच्या अंगावर काटा यायचा. जेवताना भाताचं शीत बोटाला मऊ लागलं तरी हात थांबायचा.

कुत्र्यांची तिला आवड नव्हती. लहानपणापासून नव्हती. पण काळी चिमट्याखाली मान टाकून निपचित पडायची, गुरगुरायचीसुद्धा नाही, आणि हे तिला जास्त ओंगळ वाटायचं. इतकं कोणी सोसतं का?

हवालदारांचं औषध एकच. गॅरेजमधून जळकं ऑइल आणायचं आणि ब्रशनं कुत्रीला फासायचं. खरूज असो, पिसवा असोत, ऑइल. काळी ते चाटायची आणि मग काळं ओकायची. ओकलेलं पुसायला पुन्हा हिचाच खराटा.

"अहो, चाटते ती. पोटात जातं."

"जाऊ दे. आतले किडेपण मरतील," तो म्हणाला.

काळी तेव्हा पुन्हा व्यालेली होती. आधीची पिल्लं विकली गेली, त्यांचं हगलं-मुतलं निघत नाही तोवर ही नवी. पोत्यावर मावणार नाहीत इतकी. आईची हाडं मोजून घ्यावीत अशी, आणि पिल्लांची पोटं मात्र नगाऱ्यासारखी. आल्यागेल्याला हवालदार पिल्लू पालथं करून दाखवायचे. "बघा कसं भरलंय. आईचं दूध म्हणतात ते हे."

एका सकाळी त्यातल्याच एका नगाऱ्यानं मशीनवालीच्या पायावर ओकारी केली. तिला आधी वाटलं दोरा आहे. पांढऱ्या दोऱ्याचा गुंता, रीळ निसटल्यावर होतो तसा. मग तो गुंता सुटायला लागला. आपला आपण.

ती अंगणात धावली आणि आंब्याच्या बुंध्याशी सकाळचा चहा सगळा बाहेर आला. सासू ओट्यावर बसून बघत होती. सासू नात्यानं मशीनवालीची आत्याच होती, म्हणून ती तिला आत्याच म्हणायची.

"या वयात तुला डोहाळे लागले की काय गं?" आत्या म्हणाली.

"जाऊन बघा गोठ्यात, आत्या. मग थट्टा करा."

आत्या काठी टेकत गेली. लगेच परतली. पदर नाकाला लावून ओट्यावर बसली.

त्याच दिवशी मशीनवाली जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर जाडजूड, घामेजलेला माणूस होता, सतत घाईत. गावात लसीकरणाला यायचं होतंच, म्हणून येतो म्हणाला आणि आला. काळीचा ओठ वर करून त्यानं हिरडी दाखवली.

"ताई, हा रंग बघा. गुलाबी पाहिजे. हा भिंतीच्या चुन्यासारखा झालाय. गोचीड रक्त तर पितेच, वर रक्तात ताप सोडून जाते."

"आणि पिल्लं?" तिनं विचारलं.

"पोटात जंत आहेत. आईकडूनच येतात, काही पोटात असताना, काही दुधातून. जन्मल्यावर पंधरा दिवसांत औषध सुरू करायचं असतं. आईलाही द्यायचं. आणि लस? आईला टोचली होती कधी? पिसाळण्याची तरी?"

हवालदार दाराशी उभे होते. "घरची कुत्री आहे डॉक्टर. बाहेर जातेय कुठं पिसाळायला?"

"बाहेरचं कुत्रं आत येऊ शकतं ना," डॉक्टर म्हणाला. "नुसतं तेवढंच नाही. पिल्लांना रक्ताच्या हगवणीचा रोग असतो, तो बुटाच्या तळव्यानंसुद्धा येतो. एकदा शिरला की जमिनीत महिनोन्‌महिने राहतो. ब्लीचिंग पावडरनं धुवा सगळं, भेगा लिंपून घ्या, फवारणी करा. पिल्लांना वेळेवर लस द्या, पुढचे डोसही चुकवू नका. आणि या कुत्रीला आता विश्रांती. पिल्लं बास."

"बरोबर आहे डॉक्टर. अगदी बरोबर," हवालदार म्हणाले. डॉक्टरांना फाटकापर्यंत पोचवून आले आणि म्हणाले, "असं नाही सांगितलं तर त्यांचं दुकान कसं चालायचं?"

जंताचं औषध डॉक्टरांनी हातात दिलं होतं, ते मशीनवालीनं पाजलं. नंतर गोठ्यात जे पडलं ते तिनं राखेत घोळवून खड्ड्यात पुरलं. ब्लीचिंग पावडर आणायला हवालदार गेले आणि फिनेलची बाटली घेऊन आले. "वास तर जातो ना?" म्हणाले. भेगा तशाच राहिल्या. लसीचं त्यांनी पुढच्या आठवड्यावर ढकललं, आणि मग त्याच्या पुढच्या.

हगवण आली ती दुपारच्या रणरणत्या उन्हात. सकाळी खेळणारं पिल्लू भिंतीकडे तोंड करून बसलं. पाण्याच्या थाळीत नाक घालून उभं राहिलं आणि प्यायलं नाही. मग मागून पाणी गेलं, टोमॅटो कुजल्यासारखं लाल. त्याला जो वास होता तो मशीनवालीला आयुष्यात पुन्हा नको होता. गोड, सडका, गंजलेल्या लोखंडासारखा. तो नाकातून घशात उतरायचा आणि तिथं बसायचा. तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, केस धुतले, लुगडं बदललं. मशीनवर बसली तर कापडालाही तोच वास.

संध्याकाळपर्यंत आणखी दोघं बसली. डॉक्टरांना निरोप धाडला तर ते दुसऱ्या गावी गेलेले. त्यांच्या माणसानं पाण्यात घालायची पुडी दिली आणि सांगितलं की बरी-आजारी वेगळी करा, सलाईन लावायला लागेल, घेऊन या. हवालदार म्हणाले, "उष्णता झालीय. कुत्र्याला सलाईन लावतात का कुठं? लोक हसतील."

हसायला कोणी उरलंच नव्हतं. शिवायला टाकलेले कपडे बायका एकेक करून परत नेत होत्या. कोणी कारण सांगायची, कोणी नाही. एक तर फाटकाबाहेरूनच म्हणाली, "असू दे, आम्ही तयार घेऊ." मशीनवर धूळ बसायला लागली.

ती चमच्यानं पाणी पाजत राहिली. पिल्लाच्या तोंडात चमचा घातला की थंडगार जीभ लागायची. पाजलेलं पाणी दुसऱ्या टोकानं लाल होऊन यायचं. एकामागून एक गेली. काळी मेलेल्या पिल्लालाही चाटत बसायची, मागची घाण जिभेनं साफ करायची. मशीनवालीनं तोंड फिरवून ते पिल्लू तिच्या जिभेखालून ओढून काढलं. पहिली दोन हवालदारांनी पोत्यात घालून ओढ्याकडे भिरकावली. तिथं त्या पोत्याला गावातली मोकाट कुत्री लागलेली तिनं पाहिली. मग पुढची तिनं स्वतः पुरली, खोल, वर चुना टाकून.

शेवटी दोन राहिली. त्यातलं एक धडपडत होतं, दुसरं डोळे मिटून.

"बँकेतले कारकून येणारेत उद्या," हवालदार म्हणाले. "नवरा-बायको. चांगली माणसं आहेत. त्या धडपडणाऱ्याला आंघोळ घाल आणि पावडर लाव. आणि ऐक, तुझ्याकडं चिंध्या पडल्यात, त्यातलं एक लाल झबलं शिव त्याला. म्हणजे फासळ्या दिसणार नाहीत."

मशीनवाली पिल्लाकडे बोट दाखवत म्हणाली, "त्यालाही लागलंय. सकाळी पातळ झालं होतं."

"दोन दिवस टिकेल. पुढचं त्यांचं नशीब."

"आणि त्यांच्या घरी दुसरं कुत्रं असलं तर?"

"तू कशाला जगाची उठाठेव करतेस? शिव म्हटलं तर शिव."

तिनं झबलं शिवलं. का शिवलं ते तिलाच सांगता आलं नसतं. कितीतरी दिवसांनी मशीनवर कोणी काम दिलं होतं, हेही असेल. पिल्लाला घालताना त्याचं अंग पिठाच्या पिशवीसारखं लोंबलं. पावडरचा वास आणि त्याखालचा तो वास एकत्र झाले, आणि ती मोरीवर वाकली. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त पडलं.

कारकून आणि त्याची बायको आली. बायकोनं पिल्लू पाहताक्षणी हात पुढे केले. "कित्ती गोड. ड्रेसपण घातलाय."

"लाजाळू आहे जरा," हवालदार म्हणाले. "आताच दूध पिऊन झोपलंय."

"ते आजारी आहे," मशीनवाली म्हणाली. आवाज चढवून नाही, कापडाचं माप सांगावं तसं. "रक्ताची हगवण आहे. बाकीची सगळी मेली. हात लावू नका, आणि घरी कुत्रं असेल तर जाताना बूट धुऊन जा."

कारकुनाच्या बायकोनं हात मागे घेतले आणि साडीला पुसले. कारकुनानं हवालदारांकडे पाहिलं, मग हिच्याकडे. "घरचीच माणसं असं बोलतात?" तो हिलाच म्हणाला, जसा काही रोग हिनंच आणला होता. जाताना बायकोला पुटपुटला, "काय घाणेरडी बाई आहे."

ते ऐकून तिला हसूच आलं. आभार मानतील असं तिला वाटलं नव्हतं, पण हेही वाटलं नव्हतं.

हवालदारांनी हात उगारला नाही. त्यांचा तो स्वभाव नव्हता. त्यांनी नुसतं झबल्यासकट पिल्लू उचललं, आणि दुसऱ्या सकाळी ती विहिरीवर गेली असताना बाजारात नेलं. परत आले ते रिकाम्या हातानं, खुशीत. आत्यासाठी केळी घेऊन आले होते.

मागे राहिलेलं डोळे मिटलेलं पिल्लू तोवर गेलं होतं.

तीन-चार दिवसांनी फाटकाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोक्यावर भाजीची पाटी, पण पाटीत भाजी नव्हती. तिनं पाटी खाली ठेवली. लाल झबल्यात पिल्लू होतं, ताठ झालेलं. डोळ्यांवर माश्या.

"बाजारात एका माणसाकडनं घेतलं होतं," भाजीवाली म्हणाली. "विचारत विचारत आले. भांडायला नाही आले बाई. एक विचारायचंय. माझा नातू याला कुशीत घेऊन झोपला होता. आता पोर सारखं पोट दुखतं म्हणतं. त्याला काही होईल का?"

हवालदार ओसरीवर होते. ते उठून आत गेले. आतल्या खोलीचं दार लागलं. कडीचा आवाज आला.

मशीनवाली पाटीशी खाली बसली. "हगवणीचा रोग माणसाला होत नाही, डॉक्टर म्हणाले होते," ती म्हणाली. "पण जंत होऊ शकतात. त्याला आजच माणसांच्या दवाखान्यात दाखवा आणि सांगा की कुत्र्याचं पिल्लू जवळ होतं. नखं कापा. अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा. पिल्लू बसायचं तिथली माती वरवर खरवडून दूर पुरा. आणि आता काही दिवस दुसरं पिल्लू आणू नका."

"तो कुठला आणायला. रडतोय नुसता." म्हातारीनं पाटीकडे पाहिलं. "हे इथंच ठेवू का?"

"ठेवा."

म्हातारी पाटी तिथंच टाकून गेली. आता त्यात भाजी ठेवणार नाही म्हणाली. मशीनवालीनं पाटीसकट पिल्लू पुरलं. झबल्याचा तिरपा टाका तिच्याच हातचा होता, नीटनेटका, सुबक. तो दिसू नये म्हणून तिनं पहिलं घमेलं घाईनं ओतलं.

त्यानंतर ती रोज थोडं थोडं करू लागली. नवऱ्याला विचारेनाशी झाली. ब्लीचिंग पावडर स्वतः आणली. आत्यानं ओट्यावर बसून माती मळून दिली आणि तिनं भेगा लिंपल्या, चूड पेटवून भिंती शेकल्या. गोचिडी तडतडल्या, मोहरी तडतडावी तशा. दवाखान्यातून मानेवर टाकायचं औषध आणलं, कुत्रीला इंजेक्शनं देववली. हिरड्यांना हळूहळू रंग आला, दूध आटलं. हवालदार हे बघून खूश झाले.

"बघ, कशी टवटवीत झाली," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला नर चांगला आणू. एकजण आहे ओळखीचा, दोन दिवस जाऊन बोलणी करून येतो."

ते गेले त्या सकाळी तिनं काळीच्या गळ्यात दोर बांधला. रिक्षावाल्यानं कुत्री बघून मान हलवली. मग ती चालतच निघाली, भर बाजाररस्त्यानं. काळीच्या मागच्या अंगावर ऑइलनं केस गेलेले चट्टे होते. लोक वाट सोडून बाजूला होत होते. कोणीतरी म्हणालं, "हवालदारीणबाईंनी धंदा वाढवला." मास्तरांची बायको दुकानाशी उभी होती, तिनं पदर आवरला. मशीनवाली समोर बघत चालली. दोर तळहाताला घामानं चिकटत होता.

डॉक्टरांनी काळीला टेबलावर घेतलं, तपासलं. "पिल्लं बंद करायचं ऑपरेशन करता येईल आता. पण मालकांना माहीत आहे का?"

"मालक कोण?" ती म्हणाली. "घाण काढणारा मालक असतो की विकणारा?"

डॉक्टर हात पुसत म्हणाले, "विकणाऱ्यानं येऊन माझ्याशी भांडण केलं तर?"

"माझ्याशी करतील. घरात माझीच जागा आहे भांडायला."

डॉक्टरांनी हातमोजे चढवले.

तिला बाहेर बसायला सांगितलं होतं, पण दार अर्धं उघडं होतं. तिनं पाहिलं. काळीच्या पोटातून गुलाबी, ओलं, वळकट्यांचं काहीतरी बाहेर आलं आणि थाळीत पडलं. आश्चर्य म्हणजे तिला मळमळलं नाही. इतके दिवस जे पाहिलं त्यापुढे हे धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

हवालदार परतले तेव्हा काळी ओसरीवर होती, पोटावर पट्टी, गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून प्लास्टिकची पसरट कॉलर. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

"माझ्या पोटावर पाय दिलास."

"तिच्या पोटावर तुम्ही किती वर्षं दिला होता?" ती म्हणाली. "आणि आजपासून तिचं तुम्ही करायचं. पट्टी, औषध, गोठा, सगळं. तुमची कुत्री आहे. मी हात लावणार नाही."

ते आईकडे वळले. "आई, तू काही बोलणार आहेस की नाही?"

आत्या शेंगा सोलत होती. "मी काय बोलू. गोठ्याचं दार मला माहीत आहे, तुला माहीत नसलं तर दाखवते."

दोन दिवस ते हललेच नाहीत. काळीला पायरी उतरवत नव्हती. तिनं ओसरीवरच घाण केली, त्यावर माश्या जमल्या, वास घरभर झाला. मशीनवाली त्यावरून ओलांडून गेली. बाहेर खुर्ची टाकून ती आत्याचं एक जुनं लुगडं उगाचच शिवत बसली. हात आपोआप खराट्याकडे जात होता. तो तिनं मांडीखाली दाबून ठेवला.

तिसऱ्या सकाळी हवालदारांनी नाकाला रुमाल बांधला आणि घमेलं उचललं. खराटा उलटा धरला होता, तो आत्यानं खुणेनं सुलटा करायला सांगितला. ओसरी झाली. मग ते काळीची पट्टी बदलायला वाकले, तिनं त्यांच्या मनगटावर जीभ फिरवली, आणि ते ताडकन उठून घरामागे गेले. आंब्याच्या बाजूनं ओकण्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग बराच वेळ कोरडा.

आत्यानं शेंगांचं सूप खाली ठेवलं. "लिंबू देऊ का गं त्याला?"

"नको," मशीनवाली म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. "अजून गोठा राहिलाय."